प्रचंडरावांची फळी आणि जोशीबुवांचं पोट

“माझ्याहून जास्त धावा घरी आणणारा फळीवाला उद्या दुपारपर्यंत दाखव! नाहीतर तुझा भाऊ संघातून बाद आणि राज्यातूनही!”

ढोलपूरचे प्रचंडराव महाराज गरजले. समोर बकुळी परटीण. तिचा भाऊ हैबती हा महाराजांच्या पगारी चेंडूफळी संघातला धावणारा. त्याचा गुन्हा काय? हंगामाच्या शेवटी महाराजांनी ‘सर्वाधिक धावा आणणारा’ हा मान स्वतःच स्वतःला दिला, तेव्हा तो एवढंच बोलला, “महाराज, थोडं आमच्या पायांचंही नाव घ्या की!”

खेळ साधा. घरच्या खुंटावरून चेंडू टोलवायचा, तीन खुंटांना वळसा घालून घरी यायचं, की एक धाव. वाटेत खुंटावर थांबता येतं, पुढच्या टोल्याला तिथून पळायचं. पुढे पळणाऱ्याला ओलांडलं तर बाद. चेंडू आधी घरच्या खुंटाला लागला, तर खुंट सोडून बाहेर असलेले सगळे बाद. महाराजांची रीत मात्र न्यारी! तिन्ही खुंटांवर माणसं उभी राहीपर्यंत ते सावलीत सरबत पीत बसायचे. मग डुलत यायचे, एक टोला हाणायचे, तिघं घरी पळायचे, मागून ते, आणि चारही धावा स्वतःच्या नावावर! असा खेळाडू जगात झाला नाही, असं भाट गायचे. खरंच झाला नव्हता.

“दाखवते महाराज,” बकुळी म्हणाली. “मीच खेळते. एकेक चेंडू दोघांना. फक्त खुंटांवर माणसं मी उभी करणार.”

“कर! दगड उभे केलेस तरी माझी फळी त्यांना घरी आणेल!”

“दगड कशाला? दरबारातलीच घेते.”

दुसऱ्या दिवशी महाराजांसाठी तिनं पहिल्या खुंटावर दिवाणजी, दुसऱ्यावर सेनापती आणि तिसऱ्यावर जोशीबुवा उभे केले. चेंडू अडवणारे राखणदार महाराजांचा टोला ओळखून तळ्याच्या काठापर्यंत मागे सरले. महाराजांचा टोला म्हणजे टोला! चेंडू थेट तळ्यात!

“पळा!” महाराज ओरडले.

जोशीबुवा बोटं मोजू लागले. “जरा थांबा, राहुकाळ आहे!”

“अहो, पळा!”

“पोट कोण उचलणार?”

सेनापती उलटे पळाले आणि दिवाणजींवर आदळले. दिवाणजी धोतराचा सोगा धरून खाली बसले. महाराज पोचले पहिल्या खुंटापाशी, पण ओलांडायची सोय नाही! ते तिथंच दात-ओठ खात उभे. राखणदारांनी तळ्यात उड्या घेऊन चेंडू काढला, सावकाश आणून घरच्या खुंटाला टेकवला. घरी कुणीच नाही. धावा शून्य!

आता बकुळी. खुंटांवर हैबती आणि त्याचे दोन सोबती. राखणदार पुन्हा तळ्याकाठी जाऊन ओली धोतरं पिळत होते. तिनं धुण्याच्या धोपटण्यानं चेंडू हळूच ढकलला. चेंडू दहा पावलांवर जाऊन बसला. तो उचलायला जवळ होतं कोण? तिघं घरी आले, मागोमाग बकुळी पदर खोचून. चार धावा!

“ही लबाडी आहे!” महाराज फणफणले. “मी चेंडू तळ्यात घातला! तू नुसता ढकललास!”

“खरंय महाराज! आपला चेंडू तळ्यापर्यंत गेला. माणसं मात्र जोशीबुवांच्या पोटाशी अडली. वर्षभर आपण म्हणत होतात, धावा फळी आणते. मग आज तिला काय झालं?”

महाराजांनी एकदा फळीकडे पाहिलं, एकदा अजूनही बोटं मोजणाऱ्या जोशीबुवांकडे. आणि असे खो-खो हसले, की तळ्यावरचे बगळे उडाले!

“हैबती, तू आजपासून संघाचा म्होरक्या! बकुळी, तुला नदीकाठचा मळा! आणि दिवाणजी, आजपासून तुम्ही तिघं रोज मैदानाला दहा फेऱ्या!”

“महाराज,” जोशीबुवा कण्हले, “मुहूर्त पाहून सुरू करू?”

“बुवा, मुहूर्त मी काढलाय,” बकुळी म्हणाली. “हैबती मागून येतोय. पळा!”