धुरपाचा डावा हात

पिठाची गिरणी कुणी डोळ्यांनी पाहिली नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. फार वर्षांपूर्वी काळखडी गावात धुरपा नावाची पाथरवटीण राहत होती. डोंगरातला काळा दगड फोडायचा, त्याची जाती घडवायची आणि बाजारात विकायची, हा तिचा धंदा. तुम्ही म्हणाल, जातं काय, कुणीही घडवील. घडवील हो! पण धुरपाचं जातं लहान पोरीनं एका हातानं फिरवावं असं हलकं चालायचं, आणि पीठ असं मऊ पडायचं की चाळणी खुंटीलाच टांगलेली राहायची. असं म्हणतात, तिच्या जात्यावर बसलेल्या बाईला ओवी आठवावी लागत नसे. पहिली ओळ जातंच सुचवायचं.

प्रत्येक जात्याच्या वरच्या दगडावर धुरपा एक चिमणी कोरायची, चोचीत दाणा धरलेली. चिमणी दिसली की बायका बाकी काही विचारत नसत. बारा गावांत लग्नाची हळद दळायची ती चिमणीच्या जात्यावरच.

पण धुरपाला दगड घडवताना मात्र कुणी पाहिलं नव्हतं. ती तरटाच्या आडोशामागं बसून काम करायची. आतून ठकठक ऐकू यायची, एवढंच. त्याचं कारण तिला माहीत होतं आणि मेलेल्या बापाला माहीत होतं. धुरपा डावरी होती! बापानं लहानपणी तिचा हात बांधून पाहिला, चटके देऊन पाहिले. शेवटी हरला आणि म्हणाला, "पोरी, या हातात इद्या हाय, पण कुणाला दावू नगं. डाव्या हाताचं जातं लग्नघरात कोण ठेवील?" तेव्हापासून चारचौघांत धुरपाचा डावा हात पदराखाली असायचा.

एके दिवशी काय झालं, शेजारगावची एक बाई, सोनाई तिचं नाव, बैलगाडीत जातं घालून आली आणि धुरपाच्या दारात तिनं ते धाडकन लोटलं. "हळद दळली यावर, लेकीच्या लग्नाची! हळदीत सगळी कच. नवरीचे गाल ओरखडले, वऱ्हाडासमोर पोर रडली. तुझ्या चिमणीला आग लाव, धुरपे!"

धुरपा पुढं आली. दगडावर चिमणी होती. चोचीत दाणाही होता. पण दगड भुसभुशीत, मुरमाड. तिनं वरचा दगड उचलून बाजूला केला आणि आतल्या बाजूवरून बोट फिरवलं.

दाणा भरडावा म्हणून जात्याच्या आतल्या बाजूला छिन्नीनं बारीक खाचा पाडतात. त्याला टाकी लावणं म्हणतात. धुरपाच्या टाकीच्या खाचा एका बाजूला कलायच्या, कारण हातोडा डाव्या हातात. या जात्याच्या खाचा उलट्या बाजूला कलल्या होत्या. हे उजव्या हाताचं काम होतं.

जातं कुणाकडून घेतलं ते सोनाईला विचारलं, तसा चोरही लगेच कळला. नदीपलीकडचा केरबा. चार गडी ठेवून स्वस्त दगडाची जाती काढायचा, वर धुरपाची चिमणी ठोकायचा आणि "काळखडीचं अस्सल" म्हणून विकायचा. आयत्या बिळावर नागोबा! जातं त्याचं खपायचं आणि शिव्या धुरपाला बसायच्या.

आता पुरावा तर दगडाच्या पोटातच होता. पण तो दाखवायचा म्हणजे हात दाखवायचा. हात झाकावा तर नाव जातंय, दाखवावा तर धंदा बुडतोय. बाई चार दिवस जेवली नाही. असं म्हणतात, पाचव्या दिवशी सकाळी एक खरी चिमणी आडोशाच्या तरटावर येऊन बसली आणि चिवचिव करून तिनं धुरपाचं डोकं उठवलं. "येते गं बाई, येते!" असं म्हणत धुरपा उठली आणि तडक बाजारात गेली.

बाजार भरला होता. पारावर पाटील बसले होते. धुरपानं केरबाचं नाव घेतलं, तसा केरबा खो खो हसला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्यातली गत. "चिमणी काय तुझ्या बापाची हाय व्हय? आभाळात उडती ती. कुणीबी कोरंल!"

"आभाळातली समदी तू घे," धुरपा म्हणाली. "चोचीत दाणा घेतल्याली माझ्या दगडातनं निघालीया. ती माझी."

पाटलांनी कपाळ चोळलं. "बाई, दोन्ही चिमण्या सारख्याच दिसत्यात. वळखायचं कसं?"

"चिमणी बघू नका, पाटील. आत बघा. ज्या घरात माझं जातं वीस-वीस वर्षं फिरतंय, तिथनं जाती आणा. आन् कच लागती ती बी आणा."

गाड्या जुंपल्या. पारासमोर जात्यांची रांग लागली. वरचे दगड उचलले, पिठाची मूठ टाकली, हातानं पुसली. खाचांत पांढरं पीठ राहिलं आणि रेघा कशा लख्ख दिसल्या! जुन्या जात्यांच्या रेघा सगळ्या एका बाजूला कललेल्या, कच लागणाऱ्यांच्या सगळ्या दुसऱ्या बाजूला.

"आता दोघांनी इथंच टाकी लावा," पाटील म्हणाले.

केरबानं ठोकलं. त्याच्या खाचा कचवाल्या जात्यांसारख्या कलल्या. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मग सगळ्यांच्या माना धुरपाकडं वळल्या.

बापाचा चेहरा डोळ्यांपुढं आला. मनात म्हणाली, आबा, माफ करा. आणि तिनं पदराखालून डावा हात काढला, हातोडा उचलला.

कुणीतरी कुजबुजलं, "अगं बया, डावरी!"

धुरपा थांबली नाही. ठक, ठक, ठक. खाचा पडत गेल्या, थेट जुन्या जात्यांसारख्या. मग ती केरबाकडं बघून म्हणाली, "चिमणी चोरलीस रं. पण हा हात कुठनं आणशील?"

तरीही लोक त्या डाव्या हाताकडंच बघत राहिले. तेव्हा गर्दीतून एक बाई पुढं आली. सोनाईच ती, चार दिवसांपूर्वी शिव्या घालून गेलेली. ती म्हणाली, "माझ्या थोरल्या तिन्ही लेकींची हळद याच हाताच्या जात्यावर दळली. तिघी बी सुखानं नांदत्यात. धाकटीचे गाल ओरखडले ते उजव्या हातानं. आता मला सांगा, अशुभ हात कंचा?"

असा हशा पिकला, अशा टाळ्या पडल्या की पारावरची कबुतरं उडाली! आणि असं म्हणतात, त्याच घटकेला आभाळातून चिमण्यांचा थवा उतरला. दोन्हीकडं पीठ सारखंच सांडलं होतं, पण चिमण्या बसल्या त्या फक्त धुरपाच्या जात्यांवर. काही जण तर सांगतात की तिच्या दगडांवरच्या कोरलेल्या चिमण्याच उठून पीठ टिपून आल्या. हसू नका. काळखडीत एक जुनं जातं आहे, त्यावरच्या चिमणीच्या चोचीत दाणा नाही. तो कुणी खाल्ला, सांगा बघू!

पाटलांनी निवाडा दिला. केरबानं घरोघर जाऊन खोटी चिमणी स्वतःच्या हातानं तासून काढायची आणि कच लागणारं जातं बदलून द्यायचं. केरबा मान खाली घालून निघाला, तेव्हा धुरपानंच त्याला हाक मारली. "दगड घडवायला तुला कोन नगं म्हनतंय? बैल काढ, घार काढ, कायबी काढ. पन तुझं तू काढ." त्यानं पुढं बैल काढला. बैलाची जातीही बरी चालायची म्हणे.

आणि धुरपानं त्याच दिवशी घरी जाऊन आडोशाचं तरट चुलीत घातलं. मरेपर्यंत ती उघड्यावर बसून, डाव्या हातानं, येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारत जाती घडवत राहिली.

आता काळखडीत विजेची गिरणी आहे. पण लग्नाच्या हळदीला अजून जातं मांडतात आणि पहिली मूठ डाव्या हातानं घालतात. बाजारात मडकं घ्या, टोपली घ्या, गिऱ्हाईक आधी विचारतं, "हात कुणाचा?" आणि विकणाऱ्याला करणाऱ्याचं नाव सांगावंच लागतं. नाव न सांगता आलेला माल तिथं खपत नाही.

आणि एखाद्या घरात लेकीनं डाव्या हातात खडू धरून पाटीवर पहिली रेघ ओढली, तर आई तिचा हात धरत नाही. ती दारात येते आणि शेजारणीला हाक मारून सांगते, "अगं, ये की बघायला! आमच्याकडं धुरपा आली!"