राष्ट्रपतीणबाईंचा राजीनामा

भालचंद्र देवस्थळी राष्ट्रपती झाले, तरी त्यांच्या पत्नी कुमुदताईंनी शिक्षिकेची नोकरी सोडली नाही. राजधानीतल्या सरकारी शाळेत त्यांनी बदली करून घेतली. सकाळी चौथीच्या वर्गाला भागाकार शिकवायचा आणि संध्याकाळी भवनात पाहुण्यांचं स्वागत करायचं, असा त्यांचा दिवस जाई.

एका मंत्रिमहोदयांना हे फार खुपायचं. एका मेजवानीत, परदेशी पाहुण्यांसमोरच ते मोठ्यानं म्हणाले, "बाईसाहेब, राष्ट्रपतींच्या पत्नीनं खडूनं हात माखून घ्यायचे, हे देशाला शोभत नाही. उद्याच राजीनामा द्या."

आपला वर्ग सुटेल हे कळूनही कुमुदताईंचा चेहरा हसराच राहिला.

"देते की," त्या म्हणाल्या. "पण साहेब, ह्यांचं पद पाच वर्षांचं. तुमचं पुढच्या निवडणुकीपर्यंत, तेही टिकलं तर. या टेबलावर कायमची नोकरी असलेली मी एकटीच. तीच सोडू म्हणता?"

टेबलभर हशा पिकला. मंत्रिमहोदयांनी ताटात डोकं खुपसलं. राष्ट्रपती मात्र उठून उभे राहिले आणि शेजारच्या राजदूतांना ताठ मानेनं म्हणाले, "या देवस्थळी बाई. मी यांचा नवरा."