ताम्रपटावरचे मरण

एका राज्यात असे वरदान होते, की राजमुद्रा उमटलेल्या ताम्रपटावर जे लिहावे ते तसेच घडून यावे. त्या बळावर जुन्या राजांनी ओसाड रानांत नद्या आणल्या. पुढे मुद्रा सांभाळण्याचे काम दंभसेन नावाच्या मांत्रिकाकडे आले. त्याने गुपचूप दुसरी, खोटी मुद्रा घडवली आणि ती उमटवून तो खोटे पट विकू लागला. वरदानाचा शाप झाला.

त्या राज्यात सुरथ नावाचा गृहस्थ चंदनाचे वन राखून होता. त्याचा धाकटा भाऊ वसुमान याला ते वन हवे होते. त्याने दंभसेनाकडून पट लिहवून घेतला, 'सुरथ मृत झाला, वन वसुमानाचे.' त्याच क्षणी सुरथ लोकांना दिसेनासा झाला. तो हाका मारी, कोणाला ऐकू जाईना. त्याच्या कन्येला, शाल्मलीला, मात्र तो दिसे. तोही धुक्यासारखा, दिवसेंदिवस विरळ होत चाललेला.

संतापलेली शाल्मली बापाचा हात धरून दरबारात गेली. माझे तात माझ्या शेजारी उभे आहेत, असे तिने परोपरीने सांगितले. राजा उग्रतेजाला शेजारी कोणी दिसले नाही. त्याने पटावरची मुद्रा पाहिली आणि म्हणाला, "मुद्रा आहे. लेख सत्य आहे."

"मग तुमच्या राज्यात माणसापेक्षा तांबे मोठे आहे, महाराज," शाल्मली म्हणाली आणि निरोप न घेताच निघाली.

वेशीवर एक वृद्ध मैना राहत असे. तिने शाल्मलीला थांबवून सांगितले, की खोटी मुद्रा तीन बंधांनी बांधली आहे. तिची शाई काळसर्पाच्या डोहातून येते आणि तिचा साचा अग्निगुहेत आहे.

"आणि तिसरा बंध?"

"ज्याने पट वापरला, त्याने तो खोटा असल्याचे मला ठाऊक होते, असे स्वमुखाने कबूल करावे. पहिली दोन कामे त्यामानाने सोपी आहेत, मुली."

डोहावर काळसर्पाने फणा उभारून वाट अडवली. शाल्मली मागे सरली नाही. तुझ्या शाईने जिवंत माणसे पुसली जात आहेत, असे तिने त्याला बजावले. सर्पाला यातले काही माहीत नव्हते. तो लाजला, मग फुत्कारला. त्याने सगळी शाई पिऊन टाकली आणि तळाचे निर्मळ पाणी भोपळ्यात भरून तिला दिले. त्या पाण्याने लपवलेले दिसू लागते.

अग्निगुहेतला साचा तापून लाल झाला होता. शाल्मलीने तो उचलून दगडावर आपटला. साचा फुटला, तिचे तळहात कायमचे भाजले.

साच्याचे तुकडे घेऊन ती बापासह पुन्हा दरबारात आली. ते तुकडे पाहून राजाने दंभसेन आणि वसुमान या दोघांना बोलावून घेतले. "मी केवळ पट दिला," दंभसेन म्हणाला. "वापरला याने."

"मी केवळ दाखवला," वसुमान म्हणाला. "लिहिला याने. त्यात खोटे काय, मला काय ठाऊक?"

शाल्मलीच्या अंगाची लाही झाली. तिने भोपळ्यातले पाणी भिरकावले आणि भरल्या दरबाराला सुरथ दिसला, धुराच्या रेषेसारखा. त्याने भावाकडे पाहिले.

"वसू, काल मी तुझ्या दाराशी आलो. कोणाला न दिसणारा मी. मग मला पाहून तू दार का लावलेस?"

वसुमानाने इकडेतिकडे पाहिले. शेवटी तो खाली बसला.

"कारण तू जिवंत आहेस, हे मला ठाऊक होते."

पट तडकला. राज्यातले सगळे खोटे पट त्याच क्षणी तडकले, आणि चौकाचौकांत, ओसरीओसरीवर पुसलेली माणसे पुन्हा दिसू लागली. सुरथाच्या देहात रक्त परतले. दंभसेनाचे मंत्र त्याच्या जिभेवरच राख झाले.

राजाने आज्ञा दिली. खोटा पट करणारा आणि तो खोटा आहे हे जाणून वापरणारा, दोघांना सारखाच कारावास. नकळत गुंतलेल्याला दंड नाही. सुरथाने हात जोडले आणि भावाची शिक्षा हलकी करण्याची विनंती केली.

"तात, दया तुमच्यापाशी असू द्या," शाल्मली म्हणाली. "दंड राज्याचा आहे."

राजाने एक दिवसही कमी केला नाही. मग तो सिंहासनावरून उतरला. जिवंतपणी मेलेल्यांच्या घरांत परके राहत होते. त्या प्रत्येक दारी तो अनवाणी गेला आणि घर ज्याचे त्याला देऊन क्षमा मागत फिरला. काहींनी केली. काहींनी त्याच्या तोंडावर दार लावले, आणि राजा पायरीवर तसाच उभा राहिला.