साळूनं तपासलेला चिखल

माणसांच्या गावात मतपेट्या अजून यायच्या होत्या, तेव्हाची गोष्ट. रानातल्या तळ्याची पाटीलकी एक वर्ष कोल्ह्याकडे, एक वर्ष लांडग्याकडे असायची. पाटील कुणीही होवो, सशांच्या वाट्याला शेवटचं गढूळ पाणीच यायचं. तिसऱ्या कुणाला उभं राहायचं, तर काठच्या ओल्या चिखलात शंभर जनावरांचे ठसे उमटवून दाखवावे लागत. ते कधी कुणाला जमलं नव्हतं.

एका वर्षी टिटवीनं कोल्ह्या-लांडग्यांच्या वतीनं दवंडी दिली, "आता पाच ठसे पुरेत! मुदत सूर्य मावळेपर्यंत!"

पाच ससे उड्या मारत साळू साळिंदराकडे गेले. "साळूताई, तुम्हीच उभ्या राहा. आम्ही पाचही जण तयार आहोत."

साळूचे काटे ताठ झाले. "कोल्हा आणि लांडगा एकाच दिवशी उदार झाले? यात काहीतरी काळंबेरं आहे. थांबा, आधी मला बघू द्या."

चिखलाखाली खड्डा असेल म्हणून तिनं काट्यानं जागोजागी टोचून पाहिलं. झुडपांमागे कुणी दबा धरून बसलंय का, ते पाहिलं. टिटवीची तीनदा उलटतपासणी घेतली. काहीच सापडेना, तसा तिचा संशय वाढतच गेला. आणि सूर्य मावळला.

सकाळी लांडगा काठावर आला. "दार सताड उघडलं, तरी कुणी फिरकलं नाही. म्हणजे सगळे आमच्यावरच खूश आहेत. आजपासून पुन्हा शंभर!"

"बघा, मी म्हटलं नव्हतं? डावच होता!" साळू सशांना म्हणाली.

ससे चिखलाकडे बघत राहिले. तिथे त्यांचा एकही ठसा नव्हता. होती ती फक्त साळूनं पाडलेली भोकं.