पाच अक्षरांची जागा

एकदा एका नदीकाठच्या गावातील पोथीशाळेत नरहरी नावाचा शिष्य होता, आणि त्याला 'हो' म्हणण्याची सवय होती.

ही सवय त्याला कामाने लावली होती. त्या शाळेत जीर्ण पोथ्यांच्या नकला जुन्याच रीतीने होत. वृद्ध शास्त्रीबुवा मूळ पान समोर धरून चार-पाच शब्द मोठ्याने वाचत. नरहरी ते लिही आणि 'हो' म्हणे. त्या 'हो'चा अर्थ एवढाच, की ऐकले, लिहिले, पुढे चला. वाचलेले त्याला मान्य आहे की नाही, याचा त्यात काही संबंध नसे. तीन वर्षांत हा शब्द त्याच्या जिभेवर असा बसला, की घरी आई बोलू लागली तरी प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो 'हो' म्हणून मोकळा होई. "तुझ्या लग्नाची बोलणी करताना तुला मी आत बसवून ठेवणार," आई म्हणे, "नाहीतर तीन ठिकाणी होकार देऊन येशील."

एका सोमवारी कपाट उघडले तेव्हा शाळेतील सर्वांत मोलाची पोथी, वनस्पतींच्या चित्रांची, जागेवर नव्हती. तिच्या ठिकाणी तशाच लाल कापडाच्या बासनात एक साधी, बाजारात कुठेही मिळणारी पोथी बांधून ठेवली होती. संस्थेचे विश्वस्त असलेले कापडाचे व्यापारी संतापले. "ही अदलाबदल जाणकाराचीच आहे," असे म्हणून त्यांनी पोलिसांत तक्रार दिली. शनिवारी कपाट नरहरीने बंद केले होते. सोमवारी दुपारीच त्याला ठाण्यावर बोलावणे आले. शास्त्रीबुवा त्या दिवशी परगावी होते. खरे बोलणाऱ्याला भीती कसली, असा विचार करून नरहरी एकटाच गेला.

फौजदार वाईट मनुष्य नव्हते. त्यांनी त्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिले. मात्र त्यांच्यापुढे कामांचा ढीग होता, आणि प्रश्न विधानासारखा विचारण्याची त्यांची पद्धत होती. शेजारी हवालदार लिहून घेत होते.

"शनिवारी कपाट तुम्ही बंद केलं."

"हो."

"किल्ली तुमच्याकडेच असते."

"हो."

"दुसरं कोणी कपाट उघडत नाही."

"हो."

"आणि जाताना पोथी तुमच्या पिशवीत होती."

"हो."

हवालदारांची लेखणी पुढच्या ओळीवर गेली तेव्हा नरहरीला आपण काय बोललो ते कळले. "नाही, नाही साहेब! पिशवीत डबा होता. मी 'हो' म्हटलं ते ऐकलं म्हणून म्हटलं."

"ऐकलं म्हणून?" फौजदार हसले. "इथे काय कीर्तन चाललंय?"

मग ती चूक सावरण्यासाठी नरहरी घाईने बोलत सुटला. पोथी दुसऱ्या फळीवर होती, असे तो म्हणाला. पाहिली होती का, असे विचारल्यावर म्हणाला, "असणारच, रोज असते." थोड्या वेळाने त्याच्या बोलण्यात ती तिसऱ्या फळीवर गेली. फौजदारांचे हसणे थांबले. "एका तासात दोन फळ्या झाल्या तुमच्या. उद्या अकराला या, आणि नीट सांगा. नाहीतर मला अटक करावी लागेल."

संध्याकाळी शास्त्रीबुवा परतले. नरहरीने सगळे सांगितले. त्यांनी एकच विचारले, "सकाळपासून काही खाल्लंस का?" मग एक जुने पान काढून त्याच्यापुढे ठेवले. "याची नक्कल कर."

नरहरीला वाटले, बुवांनी आपले बोलणे नीट ऐकलेच नाही. तरी तो लिहायला बसला. पानाच्या मध्यावर, तीनशे वर्षांपूर्वीच्या कोण्या लेखनिकाने, पाच अक्षरे मावतील एवढी जागा कोरी सोडली होती.

"ही ओळ मोठ्याने वाच."

"इथे काही लिहिलेलं नाही, बुवा."

"मग काय करशील?"

"आपल्या रीतीप्रमाणे पाच टिंबं देईन."

"दे. आणि ही नक्कल उद्या खिशात ठेव. गावातल्या वकीलबाईंना मी निरोप धाडला आहे, त्या सोबत येतील. तुझं नाव, पत्ता विचारतील ते सांग. खोटं एक अक्षर बोलू नकोस. जे उत्तर तुझ्याच अंगावर आणलं जाईल असं दिसेल, तिथे जागा सोड. पण सोडली आहे हे तोंडाने सांग, नुसता मान खाली घालून बसू नकोस."

"पण मी काहीच केलेलं नाही! गप्प राहिलो तर लोक म्हणतील, चोर आहे म्हणून बोलत नाही."

"म्हणतील," शास्त्रीबुवा शांतपणे म्हणाले. "जा आता, आई वाट पाहत असेल."

दुसऱ्या दिवशी फौजदारांनी कागद पुढे ओढला. "तर पोथी तिसऱ्या फळीवर होती."

'हो' हा शब्द नरहरीच्या ओठांपर्यंत आला. त्याचा हात खिशावर गेला.

"साहेब, माझं नाव, पत्ता काल लिहून दिला आहे, तो बरोबर आहे. माझ्या कालच्या 'हो'चा अर्थ 'मान्य' असा नव्हता, एवढं कृपा करून लिहून घ्या. शनिवारबद्दलच्या प्रश्नांना मी आज उत्तर देणार नाही. तसा मला हक्क आहे."

वकीलबाईंनी मान डोलावली. फौजदार म्हणाले, "ज्याच्या मनात काही नसतं तो बोलतो, नरहरी."

मग कालचेच आणखी तीन प्रश्न झाले. प्रत्येक वेळी त्याने नम्रपणे तेच वाक्य सांगितले. शेवटी हवालदारांनी विचारले, "साहेब, मी काय लिहू?"

"लिहा, उत्तर दिले नाही."

फौजदारांनी कागद हातात घेतला. काल गच्च भरलेला जबाब आज ठिकठिकाणी मोकळा होता. ते वैतागून त्याकडे पाहत राहिले. 'दुसरे कोणी कपाट उघडत नाही' या ओळीपाशी त्यांची नजर अडली. काल ती एका 'हो'ने मिटली होती. आज तिच्यापुढे 'उत्तर दिले नाही' एवढेच होते.

"दुसरी किल्ली कोणाकडे असते?" त्यांनी हवालदारांना विचारले. हवालदारांना ठाऊक नव्हते. तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

दुसरी किल्ली विश्वस्तांकडे होती. फौजदार त्या बदललेल्या पोथीसह व्यापाऱ्यांच्या घरी गेले. चहा घेऊन आलेल्या व्यापाऱ्यांच्या पत्नी ती उघडलेली पोथी पाहून जागीच थबकल्या. "अहो, ही तर आमच्या देवघरातली पोथी! हा कुंकवाचा डाग माझ्याच हातचा. तुमच्याकडे कशी आली?"

व्यापाऱ्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. रविवारी त्यांनी व्याह्यांना चित्रे दाखवायला ती पोथी घरी आणली होती, आणि संध्याकाळी परत नेऊन ठेवली होती. पण नेले ते देवघरातल्या पोथीचे तसेच लाल बासन; आपण ठेवली ती चित्रांचीच पोथी, अशी खात्री असल्याने हे पोलिसांना सांगायचे त्यांना सुचलेच नव्हते. चित्रांची पोथी देवघरात समईच्या मागे सुखरूप सापडली.

ती घेऊन फौजदार स्वतः पोथीशाळेत आले. मागे व्यापारी होते. त्यांनी नरहरीचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. "तुमच्या शिष्याने माझं काम फार वाढवलं, शास्त्रीबुवा," फौजदार म्हणाले. मग किंचित ओशाळून, "हवालदारांना सांगितलं आहे, यापुढे माझ्या प्रश्नाच्या शेवटी प्रश्नचिन्ह दिसलं नाही, तर मला तिथेच थांबवायचं."

सगळे गेल्यावर नरहरीने खिशातली नक्कल काढून गुरूंपुढे ठेवली. "बुवा, हे पान कशासाठी दिलं होतं?"

शास्त्रीबुवा म्हणाले, "ते पान लिहिणाऱ्याला वृत्त उत्तम येत होतं. पाच अक्षरं जुळवणं त्याला जड नव्हतं. पण त्याच्यापुढचं मूळ पान किडीने खाल्लं होतं, म्हणून त्याने जागा सोडली. पुढे दीडशे वर्षांनी दुसऱ्या गावी याच ग्रंथाची आणखी एक प्रत निघाली, तिच्यात ती पाच अक्षरं होती. त्याने मनाने भरली असती, तर शोधायला कोण गेलं असतं? तू पहिल्या दिवशी भीतीने जागा भरत होतास. भरलेल्या जागेत पुन्हा कोणी डोकावत नाही."

"म्हणजे पोथी सापडली, म्हणून गप्प राहणं बरोबर ठरलं?"

"नाही रे. सापडली नसती तरी ते बरोबरच होतं. ज्याच्यावर आरोप आहे, त्याला स्वतःच्याच विरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही, असं आपल्या राज्यघटनेत लिहिलं आहे. 'तो निर्दोष असेल तर' अशी अट तिथे नाही. पुरावा शोधण्याचं काम आरोप करणाऱ्याचं. घाबरलेल्या माणसाने तो आपल्या तोंडून तयार करून द्यावा, अशी अपेक्षा चांगलं राज्य करत नाही. लोक तुला चोर म्हणाले असते, हे खरं. पण लोकांना काय वाटतं हे कुठल्याही जबाबात पुरावा म्हणून लिहिता येत नाही."

नरहरीने नक्कल उचलून तिची घडी घातली, पण या वेळी 'हो' म्हटले नाही. शास्त्रीबुवांच्या हे लक्षात आले, आणि ते मिशीत हसले.

मग त्यांनी अपुरी राहिलेली पोथी उघडली व वाचू लागले. चौथ्या ओळीशी त्यांचा आवाज थांबला. तिथे पान फाटलेले होते. वृत्त नरहरीला पाठ होते, आणि त्या जागी नेमका बसणारा शब्द त्याला सुचलाही होता. त्याने बोरू क्षणभर उचलून धरला. मग अक्षरे मोजली, एकापुढे एक तीन टिंबे दिली, शाई वाळू दिली, आणि स्पष्ट आवाजात म्हणाला, "हो."