मूठ पुढं

त्या दिवशी सकाळपासून कोरडा वारा सुटला होता. मैदानातली धूळ उडून दातांत जात होती. तरी नवे शिपाई रांगेत हलत नव्हते. हललं की उस्तादाची काठी बसायची.

एका डोंगरी किल्ल्याच्या पायथ्याशी एक गाव होतं, तिथं हा उस्ताद राहायचा. नाव सटवाजी. नव्यानं भरती झालेल्या पोरांना तलवार शिकवायची, हे त्याचं काम. माणूस वाईट नव्हता, बरं का. सगळ्यांच्या आधी मैदानात यायचा. पोरांच्या हाताला फोड आले तर स्वतः तेल लावून बांधायचा. पण शिकवणं म्हणजे काय, याबद्दल त्याचं एक ठाम मत होतं. तो म्हणायचा, "पोरगं घरून येतं ते मोकळ्या खोंडासारखं. त्याला विचार करायला लावूच नये. हाताला वळण लावावं."

त्याचा एक डाव फार नावाजलेला होता. समोरच्याचं मनगट धरायचं, पीळ द्यायचा आणि तलवार काढून घ्यायची. सरावात दोघांत मिळून एकच तलवार असे. म्हणून काढून घेतली की लगेच ती उलटी करायची, मूठ पुढं धरायची, मान लववायची आणि जोडीदाराला परत द्यायची. मग पुन्हा पहिल्यापासून. उस्ताद ओरडायचा, "मूठ पुढं!" की तीस मुठी एकदम पुढं यायच्या. किल्लेदार ते बघून खूश व्हायचा.

त्या धुळीच्या दिवशी सिदू चुकला. सिदू म्हणजे उस्तादाच्या शेजारणीचा, गोजाक्काचा, एकुलता एक मुलगा. त्यानं तलवार काढून घेतली, झटकन दोन पावलं मागं सरला आणि तीच तलवार जोडीदारावर रोखून उभा राहिला.

उस्ताद ओरडला, "परत कोण देणार रे? तुझा मामा?"

"उस्ताद, हा वैरी ना? मग वैऱ्याला परत कशाला?" सिदू म्हणाला. "आणि द्यायचीच तर वर पानसुपारीपण ठेवू का?"

सगळी रांग हसली. उस्तादाला ते हसू झोंबलं.

कडेला मानाजी बसला होता. लढाईत एक डोळा गमावलेला म्हातारा शिपाई. तो म्हणाला, "सटवाजी, पोर बरोबर करतंय. मागं सरू दे त्याला."

आता बघा, इथं उस्तादाला थांबता आलं असतं. डाव थोडा बदलता आला असता. पण साठ पोरांसमोर माघार कशी घ्यायची? तो म्हणाला, "लढाईचं लढाईत बघू. या मैदानात माझं चालतं."

मग त्यानं सिदूला शंभर वेळा तलवार परत द्यायला लावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा शंभर. गोजाक्काच्या ओसरीवरून मैदान दिसायचं. ती धान्य निवडत बसलेली असायची आणि बघायची. महिन्याभरात सिदूचा हात असा वळला की डोळे मिटले तरी मूठ पुढं यायची.

"वहिनी, पोरगं कसं तयार झालं बघा," उस्ताद कौतुकानं म्हणाला.

"तुमच्या हाती दिलाय, भाऊजी," ती म्हणाली.

दिवाळी झाली आणि शत्रू चालून आला. उस्ताद तटावर उभा होता. खाली दरवाजापाशी सिदूची तलवार हातातून उडाली आणि एक दांडगा गडी त्याच्यावर धावून आला. सिदूनं त्याचं मनगट धरलं, पीळ दिला, तलवार काढून घेतली. डाव इतका नेमका साधला की उस्ताद वरून ओरडला, "शाब्बास!"

आणि सिदूनं तलवार उलटी केली. मूठ पुढं धरली. मान लववली.

तो गडी क्षणभर गोंधळला. असं करणारा कुणी त्यानं आजवर पाहिला नव्हता. मग त्यानं तलवार घेतली. काय झालं ते सिदूच्या ध्यानात आलं, पण तोवर उशीर झाला होता.

किल्ला वाचला. किल्लेदारानं विचारलं, "हे पोर असं कसं मेलं?"

उस्ताद म्हणाला, "नवं होतं. गडबडलं."

मानाजी तिथंच होता. तो उठला आणि गोजाक्काला सगळं सांगायला निघून गेला.

तेच शब्द घेऊन उस्ताद संध्याकाळी गोजाक्काच्या दारात जाऊन उभा राहिला. "वहिनी, पोर गडबडलं हो."

तात्पर्य: शिकवणाऱ्याला शिकणाऱ्याच्या जिवापेक्षा आपला मान मोठा वाटला, की चूक शिकवणाऱ्याची होते आणि शिक्षा शिकणारा भोगतो. सटवाजी उस्तादाला हे कळलं तेव्हा फार उशीर झाला होता, आणि कळलं तेही शेजारणीच्या तोंडून. गोजाक्का त्याला म्हणाली, "भाऊजी, तो गडबडला असता, तर आज घरी आला असता."