चोपन्नावा रविवार

होल्डरबाखच्या तलावाला वळसा घालणाऱ्या वाटेवर, साधारण मध्यावर, एक जुनं बीचचं झाड आहे. त्याच्या करड्या खोडावर डोळ्यांच्या उंचीला पांढऱ्या रंगात एक काटा रंगवलेला आहे. केक खायचा असतो तो, छोटा, तीन दातांचा. इकडच्या जंगलात प्रत्येक वाटेची आपली खूण असते. कुणाला निळी रेघ, कुणाला लाल त्रिकोण, हिला काटा. तो दिसला की समजायचं, बरोबर चाललोय, पुढे जा. आणि त्याच झाडावर, काट्याच्या बरोबर वर, एक लोखंडी पाटी ठोकलेली आहे: ‘येथून जाण्यास सक्त मनाई आहे.’

मला जर्मनीत येऊन चार महिने झाले होते, लग्नाला पाच. एवढ्या काळात एक गोष्ट मात्र पक्की कळली होती, की इथली माणसं पाटीपुढे वाद घालत नाहीत. त्यामुळे माझ्या नवऱ्याच्या, तन्मयच्या ऑफिसातली दहाबारा जणं त्या पाटीखालून मान वर न करता निघून गेली, तेव्हा मी जागीच थांबले.

“चल ना,” तन्मय म्हणाला, “सगळे जातायत.”

“म्हणून तर थांबले.”

गावातल्या भटक्यांच्या मंडळाच्या इर्मट्राउटबाई आम्हाला वाट दाखवत पुढे चालल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी हे ऐकलं नसावं, पण कुणी थांबलं की का थांबलं हे त्यांना बहुतेक ठाऊक असतं. त्या मागे आल्या, पडलेल्या ओंडक्यावर बसल्या आणि सगळ्यांना बसवलं. मला कळावं म्हणून सावकाश बोलत होत्या, आणि दर चारदोन वाक्यांनी म्हणत होत्या, “असं सांगतात हं. मी काही तिथे नव्हते.”

आज जिथे पाणी आहे तिथे पूर्वी दरी होती. दरीत एक ओढा, ओढ्यावर दोन फळ्यांचा साकव. अल्याडच्या उतारावर हासेल नावाची वाडी, पल्याडच्या उतारावर रोडे. हासेलच्या वाल्बुर्गाबाईंनी आपली एकुलती एक लेक आग्नेस रोडेच्या लोरेन्झला दिली, ती म्हणे एका अटीवर: लेकीच्या स्वयंपाकघरातून आईच्या घराचं धुराडं दिसलं पाहिजे. दिसत होतं. चालत पंधरा मिनिटं. दर रविवारी चार वाजता आग्नेस माहेरच्या टेबलाशी बसलेली असायची, कारण रविवारी चारला कॉफी आणि केक, आणि घरचं सगळं माणूस बसल्याशिवाय केकला सुरी लावायची नाही, ही त्या खोऱ्यातली रीत.

मग शहराला पाणी कमी पडायला लागलं आणि खाली धरणाची भिंत उभी राहिली. पाणी कुठवर येणार ते दाखवायला इंजिनिअरांनी उतारावर खुंट्या ठोकल्या. वाल्बुर्गाबाई त्या खुंट्यांवर फडकी वाळत घालायच्या. म्हणायच्या, “शहरातली माणसं! ती कागदावर काढतात तेवढं पाणी देव तरी देतो का?”

देवाने दिलं. एका हिवाळ्यात दरी भरली. घर कुणाचंच बुडालं नाही. बुडाला तो साकव आणि खालची कुरणं. धुराडं आजच्यासारखंच उद्याही दिसणार होतं, फक्त तिथे पोचता येणार नव्हतं. पाणी पिण्याचं, म्हणून होडी घालायची नाही, पायसुद्धा बुडवायचा नाही. वरच्या अंगाचं जंगल सरकारने पाण्यासाठी राखलेलं, तिथे शिरायचं नाही. उरला धरणावरून जाणारा रस्ता. चार तास जायला, चार यायला.

पहिल्या रविवारी आग्नेस रस्त्याने गेली. दुपारची कामं उरकून निघाली ती दिवेलागणीनंतर पोचली. बघते तर टेबलावर केक अख्खा, आणि त्याच्याभोवती आई, वडील बार्टेल आणि आत्या, मांडीवर हात ठेवून चार वाजल्यापासून बसलेले. कॉफी पाच वेळा गरम झालेली.

“कापा आता,” बार्टेल म्हणाले, “नाहीतर मला कापा.”

त्या दिवशी वाल्बुर्गाबाईंनी टेबलावर हात ठेवून शपथ घेतली, असं सांगतात. लेक सोबत बसल्याशिवाय त्या केकला सुरी लावणार नाहीत. आज नाही, कधीच नाही.

पुढचे दोन रविवार आग्नेसला जमलं नाही. घरी गाई होत्या, त्यांचं दूध काही माहेराची वाट बघत नाही. दोन्ही सोमवारी अख्खा केक डुकरांपुढे गेला. बार्टेल गोठ्याच्या दारात उभे राहून बघायचे. “जन्म असावा तर असा,” म्हणायचे. पण हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. वाल्बुर्गाबाई रविवारी दुसरंही काही खाईनात, आणि खिडकीतली आपली खुर्ची त्यांनी पाण्याकडे पाठ करून ठेवली. शेजारणीकडून हे आग्नेसच्या कानावर गेलं.

चौथ्या रविवारी ती सरळ राखीव जंगलात शिरली. तलावाच्या वरच्या टोकाला वळसा घालून, ओहोळ ओलांडत, दीड तासात अर्ध्यावर आली असेल-नसेल, तर या बीचपाशी वनरक्षक क्विरीन उभा.

“इथे वाट नाही,” तो म्हणाला.

“मी आले की आत्ता.”

“तू आलीस. वाट नाही आली.”

क्विरीन दुष्ट नव्हता. नियमाचा माणूस होता. त्याने वही काढून पंचनामा केला: नाव, तारीख, वेळ, दिशा, खाली सही, सहीवर शिक्का. आग्नेस तो पुरा होईपर्यंत थांबली आणि मग तिने विचारलं, “क्विरीनसाहेब, वाट केव्हा होते मग?”

नियम विचारला की क्विरीनला तो सांगावाच लागे. “दर आठवड्याला माणूस त्याच जागेवरून चालला पाहिजे. एक वर्ष आणि एक दिवस. खंड पडता कामा नये. आणि त्याची लेखी नोंद पाहिजे. पण अशी नोंद कोण वेडा ठेवणार?”

आग्नेसने त्याच्या हातातल्या वहीकडे बघितलं आणि पुढे गेली. चारला दहा मिनिटं कमी असताना माहेरच्या दारात होती.

पुढच्या रविवारी झाडावर ही पाटी आली. पाटीखाली क्विरीन आणि त्याची तिपाई. आग्नेस आली, पंचनामा झाला, आग्नेस गेली. दर रविवारी हेच. दहाव्या की अकराव्या रविवारी म्हणे क्विरीनच्या लक्षात आलं की आपण हे काय करतोय. पण गुन्हा डोळ्यांदेखत होत असताना नोंद करायची नाही? ते त्याच्याने होण्यासारखं नव्हतं. पावसात तो वहीवर टोपी धरायचा, बर्फात शाई खिशात ऊबेला ठेवायचा. इकडे बार्टेल पुन्हा अंगाने भरले. आग्नेसचंही पोट दिसायला लागलं, आणि शेवटचे दोन महिने ती झाडं धरधरून चालायची. क्विरीन तिला आधी तिपाईवर बसवायचा, मग गुन्हा लिहायचा.

त्रेपन्नाव्या रविवारी दोन्ही वाड्यांना वाटलं, झालं! क्विरीनने बोटांवर दिवस मोजले. “तीनशे चौसष्ट. लागतात तीनशे सहासष्ट. दोन दिवस कमी.”

म्हणजे अजून एक रविवार. आणि त्या शुक्रवारी आग्नेसला मुलगी झाली.

रविवारी सकाळी ती अंथरुणातून समोरच्या धुराड्याकडे बघत होती. आज कुणी चाललं नाही तर सगळं वर्ष वाया, पुन्हा पहिल्यापासून. लोरेन्झ लाजाळू माणूस, सासुरवाडीला एकटा कधी गेला नव्हता. बराच वेळ चुलीपाशी घुटमळला आणि म्हणाला, “नियमात ‘माणूस’ लिहिलंय. मी बसतो त्यात.” त्याने बूट चढवले.

इकडे वाल्बुर्गाबाईंनी वर्षभरात पहिल्यांदा खुर्ची पाण्याकडे वळवली होती. पलीकडच्या दोरीवर त्यांना हातभर लांबीची पांढरी दुपटी वाळत घातलेली दिसली. सहा होती, त्यांनी मोजली. टेबलावरचा कपडा ओढून त्यांनी त्यात केक अख्खा बांधला आणि जंगलाचा रस्ता धरला. मागोमाग बार्टेल. नजर गाठोड्यावर.

बीचपाशी तिघांची गाठ पडली. मधे क्विरीन, भोवती गुडघाभर बर्फ.

“इथे वाट...” त्याने सुरुवात केली.

“लिही,” वाल्बुर्गाबाई म्हणाल्या. दोघं शाळेत एका बाकावर होते. “लिही रे क्विरीन. तीन माणसं लिही. दोन इकडून, एक तिकडून. वेळ लिही. बार्टेलचं वजन लिहायचं असेल तर तेही लिही, पण लवकर.”

क्विरीनने लिहिलं. शिक्का मारून त्याने वही मिटली. “चोपन्न. झालं.”

“झालं कसं? केक राहिलाय. चल रोडेला.”

“मी कामावर आहे.”

“केव्हापर्यंत?”

“सव्वातीनपर्यंत.”

आणि सव्वातीनपर्यंत तो खरंच तिथून हलला नाही.

रोडेला टेबल आग्नेसच्या पलंगाशी सरकवलं होतं. लेक टेबलाशी होती, शपथ पाळली गेली होती. तरी वाल्बुर्गाबाई सुरी उचलेनात. पाच वाजत आले. बार्टेल दाराकडे अशा नजरेने बघत होते की दार जरा भित्रं असतं तर आपोआप उघडलं असतं. शेवटी ते उघडलं. क्विरीन, टोपीवर चार बोटं बर्फ. वाल्बुर्गाबाईंनी केक कापला. बार्टेलनी बशी पुढे धरलीच होती. तिच्यावरून हात नेऊन वाल्बुर्गाबाईंनी पहिला तुकडा क्विरीनपुढे ठेवला. म्हणाल्या, “वर्षभर आमच्यासाठी थंडीत बसला तो हा. आधी त्याला.”

दुसऱ्या दिवशी क्विरीन चोपन्न पंचनामे घेऊन शहरात गेला. कचेरीला नाही म्हणता येईना, प्रत्येक कागदावर त्यांच्याच माणसाची सही आणि शिक्का. वाट नकाशावर आली. काटा क्विरीनने स्वतः रंगवला. पाटी मात्र काढली नाही. लावण्याचा हुकूम होता, काढण्याचा कधी आलाच नाही.

“असं सांगतात,” इर्मट्राउटबाई म्हणाल्या आणि उठल्या. “चला. पावणेचारला शेवटचं वळण गाठायचंय.”

वाट जिथे संपते तिथे रोडेची खाणावळ आहे. आजही रविवारी तिथे केक अख्खा ठेवलेला असतो, आलेले सगळे बसल्याशिवाय कापत नाहीत, आणि पहिला तुकडा सगळ्यात शेवटी येणाऱ्याला मिळतो. वाटेत त्या दिवशी आम्हाला पन्नास-साठ माणसं भेटली असतील, सगळी तरातरा चालणारी. पण खाणावळ दिसायला लागते त्या वळणावर बघितलं तर रस्ताभर माणसं खाली वाकलेली. सगळ्यांच्या बुटांच्या नाड्या तिथेच सुटल्या होत्या, आणि कुणालाही त्या बांधायची घाई नव्हती. तन्मयही वाकला. मीही वाकले. आमच्या मागे इर्मट्राउटबाई दगडावर बसून निवांत वाकल्या होत्या. त्यांच्या बुटांना नाड्या नव्हत्याच.